थंड करायचे पाच रुपये

पूर्णा नदीवरचं आमचं येलदरीचं धरण पाहिलंय ना? परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यातलं. गेल्या मार्चात चौथीच्या मुलांना घेऊन परिसरभेटीला तिथं गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. एका टपरीवर पाण्याची बाटली घेतली. छापील किंमत २० रुपये, मागितले २५.

‘‘थंड करायचे पाच!’’

मी मुकाट्यानं दिले. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, बाटलीवर तर ‘सर्व करांसह २०’ लिहिलंय!’’

काय बोलणार? वाचायला शिकवलं मीच!

तिचं बरोबर होतं. छापलेली असते ती जास्तीत जास्त किंमत. दुकानदार कमी घेऊ शकतो, जास्त नाही. थंड केलं तरी नाही. पूर्वी काही वस्तूंवर ‘स्थानिक कर वेगळे’ असं छापत. मग दुकानदार सांगेल तो कर!

हे हक्क आयते मिळाले नाहीत बरं का. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, गिऱ्हाइकांना एकत्र आणलं. २४ डिसेंबर १९८६ ला देशाचा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०२० पासून नवा कायदा लागू आहे. आता १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते.

मी मागे फिरलो. बाटलीवरची किंमत दाखवली. टपरीवाल्यानं पाच रुपये परत केले; पण पुटपुटलाच, ‘‘बर्फ काय फुकट येतो, गुरुजी?’’