बार्शी लाइटची वाघीण

बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेवर आजवर जे लिहिलं गेलं, ते बहुतेक इंजिनांवर. लीड्सच्या किटसन कंपनीची ती आठ जोडचाकांची इंजिनं होतीच तशी देखणी. पण या रेल्वेत खरं डोकं लढवलं गेलं होतं ते वाघिणीवर, म्हणजे माल भरायच्या डब्यावर. कोळसा असो, खनिज असो की तुरीची पोती, ढिगाने जाणाऱ्या मालाचा धंदा फायद्यात चालणार की तोट्यात, हे पुष्कळदा तो माल कशात भरला यावर ठरतं. बार्शी लाइटच्या कर्त्याने हे सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

हा कर्ता म्हणजे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. 1882 मध्ये तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात आला. त्या काळी बार्शीच्या बाजारात उतरलेला कापूस, तेलबिया आणि धान्य बैलगाड्यांनी मुख्य लोहमार्गापर्यंत न्यावं लागे. कॅल्थ्रॉपने 1895 मध्ये लंडनला कंपनी नोंदवली आणि 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली. पुढे 1906 मध्ये ती पंढरपूरला, 1911 मध्ये निजामाच्या मुलखात लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. सगळा पसारा सव्वातीनशे किलोमीटरांचा झाला.

कॅल्थ्रॉपचा हिशेब एका आकड्यावर उभा होता : कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नाही. इंजिन असो, प्रवासी डबा असो की वाघीण, नियम सगळ्यांना एकच. रुळांवर कुठेच जादा भार पडणार नाही म्हटल्यावर यार्डाला अवघे तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरले आणि मार्ग स्वस्तात झाला. चार आसांच्या वाघिणीचं मालासकट वजन वीस टनांच्या आत राहायला हवं. मग वाघीण स्वतः जितकी जड, तितका माल कमी. म्हणून तिची चौकट तुकडे जोडून न करता दाबयंत्रात घडवलेल्या पोलादी पत्र्याची केली. डबा पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद. त्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन आसांची फिरती बोगी. अरुंद रुळांच्या वळणावर एवढा लांब डबा सहज वळे तो या बोग्यांमुळे. खालचा सांगाडा एकाच मापाचा. त्यावर उघडा डबा चढवा, बंद चढवा, नाहीतर प्रवासी डबा. हिंदुस्थानात धाडण्याआधी या गाड्या लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा मार्ग टाकून जाणकारांना चालवून दाखवल्या होत्या.

एवढं करूनही एक गाठ सुटली नाही, ती कुर्डुवाडीची. तिथे छोटी लाइन संपे आणि मोठी सुरू होई. बार्शीहून आलेलं पोतं हमालाच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत जाई. बार्शीच्या आसपास कोळशाची खाण नाही. त्यामुळे खुद्द या गाडीच्या इंजिनांचा कोळसाही बाहेरूनच येणार. प्रत्येक बदलीत मजुरी लागते, वेळ जातो आणि माल सांडतो. पोत्यांचं एकवेळ चालून जातं. कोळशासारख्या सुट्या मालाचा दर बदलीला चुरा होतो आणि चुऱ्याबरोबर किंमतही झडते.

यावरचं उत्तर कॅल्थ्रॉपने इंग्लंडमध्ये दिलं. स्टॅफर्डशायरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या 1904 मध्ये सुरू झालेल्या अडीच फुटी रेल्वेवर त्याने वाहक गाडे आणले. मोठ्या लाइनची वाघीण भरलेल्या मालासकट त्या बुटक्या गाड्यावर चढायची आणि तशीच छोट्या रुळांवरून पुढे जायची. मालाला हात लावायचा नाही, डबाच हलवायचा. आजचा कंटेनर दुसरं काय करतो?

खाणीच्या मालाचं गणित आजही तेच आहे, फक्त आकडे फुगले आहेत. भारतीय रेल्वेची कोळशाची नेहमीची उघडी वाघीण म्हणजे बॉक्सएन. ती स्वतः साडेबावीस टनांची आणि माल घेते सुमारे 58 टन. म्हणजे स्वतःच्या दर टनामागे अडीच टनांहून जास्त. मोठ्या वीजकेंद्रांत टिपलर हे यंत्र अख्खी वाघीण कवेत घेऊन उलटी करतं. दुसऱ्या जातीच्या वाघिणींचा तळच उघडतो आणि कोळसा खालच्या खड्ड्यात पडतो. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं 1,320 मेगावॉटचं केंद्र आहे. बार्शीच्याच जिल्ह्यातलं हे केंद्र दूरच्या खाणींतून रेल्वेने येणाऱ्या कोळशावर चालतं. ऑस्ट्रेलियात तांब्याच्या खनिजाची बारीक भुकटी झाकणबंद कंटेनरमध्ये भरतात. भरलेला कंटेनर बंदरावर साठवणीची कोठी म्हणून थांबतो. मग क्रेन तो जहाजाच्या पोटात उतरवते, तिथे झाकण निघतं, कंटेनर उलटा होतो आणि रिकामा परत येतो. धूळ गावावर उडत नाही, पावसात माल भिजत नाही आणि मधली गोदामं वाचतात.

1954 मध्ये सरकारने बार्शी लाइट विकत घेतली. 2008 मध्ये कुर्डुवाडी–लातूर मार्ग रुंद झाला आणि कुर्डुवाडीची मालबदली संपली. बार्शी लाइटला नुसती वारकऱ्यांची छोटी गाडी म्हणणं हे तिचं अर्धंच माप झालं. हलका डबा, एक माप आणि ठरलेला आसभार ही तीन सूत्रं तिने 1897 मध्ये कमाईच्या धंद्यात उतरवून दाखवली. खनिजाच्या वाहतुकीला आजही त्यांच्यावाचून पुढे जाता येत नाही.