मधले सात तास

पहाटे 4.50

गजर वाजायच्या आधीच जाग येते. तालमीची सवय. अंगावरची माती जाऊन पंचवीस वर्षं झाली, सवय गेली नाही. एरवी मी सात वाजता जिमवर जातो. गेले अठरा दिवस मात्र शटर मलाच वर करावं लागतंय, कारण ट्रेनर गेला. गेला म्हणजे चारशे मीटरवर नवीन जिम निघालीय तिथं. जाताना अकरा पीटी क्लायंट घेऊन गेला. ‘घेऊन गेला’ हे माझं म्हणणं. ते क्लायंट म्हणतील, आम्ही आमच्या पायांनी गेलो.

पीटी म्हणजे पर्सनल ट्रेनिंग. आमच्याकडे महिन्याला बारा सेशन, 6,000 रुपये. निम्मे ट्रेनरचे, निम्मे माझे. अकराजणांचे माझ्या वाट्याचे 33,000 रुपये एका तारखेला थांबले. कोल्हापुरातल्या पेठेत, भांड्यांच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर जिम चालवणाऱ्याला हा आकडा झोप उडवायला पुरतो.

आज तीन मुलाखती आहेत.

5.30

पहिली बॅच. दोन डॉक्टर, एक सराफ, पोलीस भरतीची चार पोरं. भरतीची पोरं कुणाचं ऐकत नाहीत, पण रोज येतात. सराफ सगळं ऐकतो आणि आठवड्यातून दोनदा येतो. एक ट्रेडमिल बंद आहे, त्यावर टॉवेल टाकून ठेवलाय, तरी रोज कुणीतरी चढून बटण दाबून बघतंच.

6.45

खरी गर्दी आता. बावीस माणसं, एक मी. बेंच प्रेसला एकाला स्पॉट देताना मागं लॅट पुलडाऊनवर दुसरा सगळी पाठ झोकून वजन ओढतोय, ते आरशात दिसतं. ओरडून सांगतो. त्याला सांगेपर्यंत स्क्वॉट रॅकवर भरतीतला एकजण गुडघे आत पडतायत तरी अजून दहा-दहाच्या प्लेटी चढवतो. ट्रेनर असताना हे सगळं होत होतं आणि मला दिसत नव्हतं. मी काउंटरवर बसून फीच्या पावत्या फाडत होतो आणि पोरगा बरा आहे एवढंच म्हणत होतो. बरा होता की चांगला होता, हे तो गेल्यावर कळायला लागलंय.

10.40

चार अंडी आणि एक भाकरी पोटात गेल्यावर पहिला उमेदवार.

आमच्याकडं मुलाखत म्हणजे प्रश्न कमी आणि काका जास्त. काका शेजारच्याच वाड्यातले, वय 62, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. रक्तदाबाची गोळी चालू आहे, मेटोप्रोलॉल, म्हणजे बीटा-ब्लॉकर. त्यांना मी आज तिन्ही वेळा ‘नवीन मेंबर’ म्हणून उभं करणार. उमेदवाराला सांगायचं, ह्यांना वीस मिनिटं घे. सात प्रश्नांचा पीएआर-क्यू फॉर्म असतो, छातीत दुखतं का, चक्कर येते का, औषध काय चालू आहे, असा. तो मी मुद्दाम ड्रॉवरमध्ये ठेवतो. मागतो का बघायचं.

हा तेवीस वर्षांचा. टी-शर्टची बाही दंडाला पुरत नाही. जिल्हा पातळीवरच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत नंबर आलेला. काकांना त्यानं नाव विचारलं, आणि थेट ट्रेडमिलवर चढवलं. “220 वजा वय, म्हणजे 158. त्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंत ठोके न्यायचे,” हे मात्र घडाघडा. गोळीचं विचारलंच नाही. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या माणसाचे ठोके मुळातच दाबलेले असतात. ते आकड्यापर्यंत पोचावेत म्हणून वेग वाढवत गेलं तर काका बसतील खाली. अशा माणसाला चालता चालता बोलता येतंय का, एवढंच बघायचं. बोलता आलं की ठीक, धाप लागून वाक्य तुटलं की कमी करायचं.

ते शिकवता येतं. म्हणून मी दुसरं विचारलं. इथल्या पोरांत सध्या इंजेक्शनचं वेड आहे, मेफेंटरमाइनचं. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर तो वर आणायचं औषध. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. पोरं ते टोचून घेतात आणि दोन तास दम लागत नाही म्हणून खूश होतात. कुणी तुझ्याकडं मागितलं तर?

“सर, मी देत नाही,” तो म्हणाला. मग मला खूश करायला म्हणून की काय, “पण कुठं मिळतंय ते सांगू शकतो.”

पोरगा मनानं वाईट नव्हता. ते वाक्य त्याला मदत वाटत होतं. पाणी दिलं, फोन करतो म्हटलं. करणार नाही.

काका म्हणाले, “अंग झकास हाय, पण मला काय विचारलंच न्हाई बघ त्यानं.”

12.15

दुसरा. चौतीस वर्षांचा, बारा वर्षांचा अनुभव, हातात फाईल. फाईल जाड असली की मी आधी तारखा बघतो. एसीई या ट्रेनरना प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र दर 2 वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं; याचं चालू होतं. त्यानं आधी खुर्ची ओढून काकांसमोर बसून घेतलं आणि मला म्हणाला, “फॉर्म आहे का सर?” ड्रॉवर उघडला. गोळीचं नाव वाचल्यावर घड्याळाकडं न बघता काकांना एसटीच्या गोष्टी सांगायला लावत चालवलं. मग बाकावरून उठ-बस, आठ-आठचे दोन सेट, आणि दर वेळी “श्वास कोंडू नका काका”. वजन उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब उसळतो. हे माहीत असणारे पुष्कळ आहेत, वेळेवर आठवणारे थोडे.

मी लोड खाली टाकला आणि म्हटलं, हा माणूस पडलाय, श्वास नाही. त्यानं आधी मला बोट दाखवून “108 लावा” म्हटलं, मग छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबायला लागला. मिनिटाला 100 ते 120, पाच सेंटिमीटर खोल. मी मोजले, 112 भरले.

पगार विचारला. 45,000. आणि मग आवाज जरा खाली आणून, “सर, सध्याच्या ठिकाणचे पंधरा क्लायंट घेऊन येतो.”

खोटं का बोलू, पहिल्या क्षणी मला गुदगुल्याच झाल्या. पंधरा गुणिले तीन हजार, मनात हिशेब झालासुद्धा. चार गल्ल्यांपलीकडं कुणीतरी माझ्यासारखाच पहाटे शटर वर करणार, हे नंतर आठवलं. पंधरा घेऊन येणारा उद्या सव्वीस घेऊन जाईल, हे त्याच्याही नंतर. माझ्या आधीच्या ट्रेनरनंही नव्या मालकाला हेच सांगितलं असेल, आणि तो मालकही असाच मनात गुणाकार करत बसला असेल. 45,000 मला झेपत नाहीत हे खरं कारण. ते त्याला तसंच सांगितलं. हसत गेला. तिघांत सगळ्यात तयार माणूस हाच होता.

1.30

मामेभाऊ वकील आहे, त्याला फोन. नव्या ट्रेनरच्या कागदावर अट घालायची म्हणतोय: नोकरी सोडल्यावर सहा महिने पाच किलोमीटरच्या आत दुसऱ्या जिममध्ये काम करायचं नाही.

“घाल की,” तो म्हणाला, “कागदाला काय दुखत नाही. पण 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 आहे. माणसाला त्याचा धंदा करायला बंदी घालणारा करार निरर्थक. नोकरीत असेपर्यंत दुसरीकडं जाऊ नको म्हणू शकतोस. सुटल्यावर तो मोकळा.”

“मग धरून कसा ठेवायचा?”

“ते मला विचारू नको. माझाच ज्युनिअर मागच्या महिन्यात गेला.”

2.00

जिममध्ये कुणी नाही. पंखे बंद. रस्त्यावरचा आवाज वर येतो तेवढाच. चटईवर आडवा झालो आणि एकदम लक्षात आलं की ही जागा त्याची होती. भिंतीकडं डोकं, मोबाइल त्या बोर्डाला चार्जिंगला, बूट उशाला. सहा महिने तो रोज इथं झोपायचा आणि मी त्यावरून दोनदा बोललोही होतो, मेंबर बघतात म्हणून.

तो कागलकडच्या एका गावातून मोटारसायकलवर यायचा. ड्यूटी सकाळी साडेपाच ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दहा. साडेनऊ तास काम, मध्ये सात तास मोकळे. घरी जाऊन यायचं तर जाता-येता चाळीस किलोमीटर पेट्रोल, म्हणून इथंच पडून राहायचा. म्हणजे माणूस साडेसोळा तास माझ्या जिमभोवती, आणि पगार साडेनऊचा: 12,000 फिक्स आणि पीटीतला वाटा. रविवारी सुट्टी, तीही अर्धी.

सगळ्याच जिमा अशा चालतात, कारण लोक ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर येतात. मला तर त्यात चुकीचं कधी वाटलंच नाही, आणि ते का, हे आज कळलं. आमच्या तालमीचं घड्याळ हेच होतं. पहाटे एक मेहनत, दुपार कलल्यावर दुसरी, आणि मध्ये झोप. पण तालमीत मल्ल राहायला असायचा. मेहनत झाली की खुराक, खुराक झाला की ताणून द्यायची, वस्ताद स्वतः दार लोटून घ्यायचे की पोरांना उजेड लागू नये. ती झोप हा मेहनतीचाच भाग होता. आम्ही तालमीचं घड्याळ उचलून जिममध्ये आणलं, खोली तिथंच ठेवली. वर झोपलेल्या माणसाला म्हणालो, मेंबर बघतात.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या करून समोर धार काढून देतात. संध्याकाळी कधीकधी मी त्याला तिथं न्यायचो आणि स्वतःला मोठा मालक समजायचो. एक पेला दूध.

4.00

तिसरी उमेदवार. एकोणतीस वर्षांची, बीपीएड, विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळलेली. एका शाळेत तासिका तत्त्वावर होती, ते सुटलं. काका आता कसलेले नट झालेत, दमल्याचं सोंगही बरं करतात. तिनं फॉर्म मागितला नाही, पण तोंडीच सगळं विचारलं: गोळी कधी घेता, आज घेतली का, जिना चढताना थांबावं लागतं का, पूर्वी कुठं पडला होता का. काकांनी 1998 साली डेपोत पाय घसरल्याचं सांगितलं, जे मला दहा वर्षांत माहीत नव्हतं. डावा गुडघा म्हणूनच कच्चा.

उणं काय? बारबेलचा हात नाही. डेडलिफ्ट शिकव म्हटलं तर तोंडानं बरोबर सांगत होती, पण स्वतः करताना रॉड पायापासून लांब गेला. सीपीआर शिकलेली नाही. आहाराचं विचारलं, भरतीचा पोरगा, वजन 60, प्रोटीन किती? “साध्या माणसाला किलोमागं 0.83 ग्रॅम म्हणतात, म्हणजे पन्नासच्या आसपास. हा मेहनत करणारा, त्याला दीडपट-दुप्पट लागेल. पण पावडर सांगायच्या आधी मी त्याच्या घरात काय शिजतं ते विचारीन.” हे उत्तर कुठल्या फाईलमध्ये नसतं.

मग तिनं मला विचारलं. कॅमेरे कुठं आहेत, चेंजिंग रूमच्या दाराकडं एखादा वळलाय का. तक्रार झाली तर कुणाकडं जायची. आमच्याकडं दहापेक्षा कमी माणसं, त्यामुळं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं समिती सक्तीची नाही. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते. तिला हे माहीत होतं. मला माहीत आहे का, ते ती बघत होती. आज चौथ्यांदा कुणीतरी कुणाची तरी परीक्षा घेतली, आणि या वेळी उमेदवार मी होतो.

शेवटचा प्रश्न वेळेचा. “सर, मुलगी तीन वर्षांची आहे. सकाळ-संध्याकाळ नाही जमणार. सलग द्या. सहा ते दोन.”

जिममध्ये कुणी असं मागत नाही, मी म्हणणार होतो. चटईकडं नजर गेली आणि म्हटलं, रात्री सांगतो.

5.30 ते 9.30

पुन्हा तीच गर्दी, घाम आणि गाणी. लिहिण्यासारखं एकच. एका मेंबरच्या बायकोनं काउंटरवर विचारलं, “दादा, अकरा वाजता बायकांची बॅच का नाही हो? पोरं शाळेत गेली की तोच वेळ असतो.” हा प्रश्न ती तिसऱ्यांदा विचारत होती.

10.15

शटर खाली. घरी जेवताना बायकोसमोर वही. हिशेब तीच बघते, मी फक्त आकडे ओरडतो. माझं म्हणणं, एका ट्रेनरचे दोन तुकडे करण्यापेक्षा दिवसाचे दोन तुकडे करू. सहा ते दोन एक, दोन ते दहा दुसरा. दोघांना 18,000 फिक्स, पीटीत चाळीस टक्के त्यांचे. साडेपाचला शटर मी उघडीन.

तिनं लिहिलं. पूर्वी अकरा क्लायंटचे 33,000, त्यातून 12,000 पगार गेला की 21,000 उरत. आता फिक्सच 36,000. एका क्लायंटमागं आपल्याला 3,600. “सोळा क्लायंट झाले तर पूर्वीइतकं उरेल. आज किती आहेत?”

“शून्य.”

तिनं पेन खाली ठेवलं. मी अकराच्या बॅचचं सांगितलं. तिनं पेन उचललं. वीस बायका, 1,200 रुपयांनी, 24,000. “म्हणजे वाढलेला पगार तिथूनच निघतो. पण पहिले तीन महिने खिशातून जाणार.”

“जाऊ देत.”

“तुमच्या खिशातून नाही, माझ्या भिशीतून.”

10.50

फोन केला. ती एक तारखेपासून येतेय, सहा ते दोन. पहिल्या आठवड्यात सीपीआरचा वर्ग, फी माझी. बारबेल मी शिकवणार. पाच किलोमीटरची अट कागदावरून काढून टाकली.

दोन ते दहाची जागा अजून रिकामी आहे. ओळखीत कुणी असेल तर पाठवा. चारच्या सुमारास यावं, काका तेव्हा मोकळे असतात.