खाली बसवलेली गाडी आणि मागच्या चाकांचा कल

मोटार जमिनीलगत दिसावी, वळणावर तिने कमी कलावे, या हेतूने मूळ स्प्रिंग काढून आखूड स्प्रिंग बसवण्याची हौस अनेकांना असते. गाडी दोन इंच खाली येते आणि देखणीही दिसते. परंतु थोडे मागे उभे राहून पाहिल्यास दोन्ही मागची चाके वरच्या बाजूने आत झुकलेली आढळतात. पुढे काही हजार किलोमीटरनंतर टायरची बाहेरची नक्षी शाबूत, पण आतली कडा गुळगुळीत, प्रसंगी आतील तार उघडी पडलेली, असे दृश्य दिसते. ही कडा उभ्याने पाहणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. त्यामुळे हा दोष दिसण्याचा नसून सुरक्षिततेचा आहे.

कॅम्बर म्हणजे काय?

गाडी समोरून किंवा मागून पाहताना चाक उभ्या रेषेशी जो कोन करते, त्याला कॅम्बर म्हणतात. चाकाचा माथा आत झुकला तर तो ऋण, बाहेर झुकला तर धन. हा कोन अंशांत मोजतात. सुमारे ६०० मिलिमीटर व्यासाच्या टायरला एक अंशाचा कल असेल, तर त्याचा माथा तळापेक्षा साधारण १० मिलिमीटर आत असतो. तीन अंशांना हे अंतर ३० मिलिमीटरच्या वर जाते. थोडा ऋण कॅम्बर उपकारक असतो, कारण वळणावर गाडी बाहेर कलते तेव्हा बाहेरचे चाक सरळ होऊन टायरची पूर्ण रुंदी रस्त्याला टेकते. म्हणूनच अनेक गाड्यांत उत्पादकच मागे एक-दीड अंशाचा ऋण कॅम्बर ठेवतो. मात्र तो अडीच-तीन अंशांवर गेला की सरळ रस्त्यावर सारा भार आतल्या कडेवर येतो आणि ब्रेक लावताना पकड घटते.

गाडी खाली आली की कोन का बदलतो?

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएससारख्या गाड्यांत मागचे प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी स्वतंत्रपणे धरलेले असते. वरची दांडी सहसा खालच्या दांडीपेक्षा आखूड असते. सांगाडा खाली आला म्हणजे त्याच्या तुलनेत चाक वर सरकते; त्या वेळी आखूड दांडीचे टोक लहान वर्तुळात फिरून चाकाचा माथा आत ओढते. याउलट फोक्सवॅगन पोलोसारख्या गाडीत मागची दोन्ही चाके एकाच आडव्या तुळईला जोडलेली असतात. तेथे गाडी खाली बसवली तरी कॅम्बर फारसा बदलत नाही. तेव्हा आपल्या गाडीची मागची रचना कोणती, हा पहिला प्रश्न.

मागच्या चाकांच्या कलाचा इतिहास भारतीय वाहनसृष्टीतही आहे. मद्रासला तयार होणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डला मागे ‘स्विंग ॲक्सल’ होता. सांगाडा वर-खाली होताच तिची मागची चाके ठळकपणे कलत. तिच्या जागी १९७२मध्ये आलेल्या स्टँडर्ड गॅझेलला मागे सरळ, अखंड ॲक्सल देण्यात आला. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या अशाच रचनेवर राल्फ नेडर यांनी १९६५मध्ये टीकेची झोड उठवली होती.

दुरुस्तीचा क्रम

पहिले पाऊल मोजणीचे. टायरमधील हवा योग्य करून, गाडी सपाट पृष्ठभागावर घेऊन चारही चाकांचे अलायनमेंट यंत्रावर तपासावे आणि छापील अहवाल मागावा. तत्पूर्वी रबरी बुश, बॉल जॉइंट व चाकांचे बेअरिंग पाहावेत. झिजलेल्या बुशवर केलेली जुळणी आठवडाभरही टिकत नाही.

दुसरे पाऊल सर्वांत स्वस्त: उंची बदलता येणारे कॉइलओव्हर असतील, तर गाडी दहा-पंधरा मिलिमीटर वर घ्यावी. स्प्रिंगचे वेढे कापले असतील, तर ते फेकून योग्य स्प्रिंग बसवावेत. कापलेल्या स्प्रिंगचे टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण खाली लोंबले की ती सुटी होऊ शकते.

तिसरे पाऊल जुळणीचे. काही गाड्यांत मागच्या दांडीला विकेंद्री बोल्ट असतो. तो फिरवला की कोन बदलतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हा बोल्ट गंजून बुशच्या नळीत अडकतो, म्हणून त्याच्यावर जोर करण्यापूर्वी गंज सोडवणारे तेल मारून वेळ द्यावा. बोल्टची मर्यादा संपली, तर लांबी बदलता येणारी दांडी बसवावी लागते. ऋण कॅम्बर कमी करण्यासाठी वरची दांडी लांब किंवा खालची आखूड करतात. वरची लांब केल्यास टायरचा माथा बाहेर येऊन मडगार्डला घासू शकतो, याचे भान हवे. आडव्या तुळईच्या गाडीत चाकाच्या आसाखाली पाचरीसारखी पातळ चकती घालून कोन सुधारतात.

येथे दोन गोष्टी वारंवार विसरल्या जातात. एक, दांडीचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर असतानाच शेवटचे आवळावेत; चाके लोंबत असताना आवळल्यास बुशचे रबर कायम पिळलेले राहते व लवकर फाटते. दोन, कॅम्बर बदलला की टो, म्हणजे वरून पाहताना चाकांचा आत-बाहेर रोख, हाही बदलतो. टायर झपाट्याने झिजवण्यात टोचा वाटा बहुधा कॅम्बरपेक्षा मोठा असतो, आणि मागची चाके बाहेर रोखलेली असतील तर ब्रेक लावताना गाडी शेपूट फिरवते. म्हणून आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, आणि त्यानंतर पुढची चाके, हा क्रम पाळावा. डाव्या-उजव्या चाकांत अर्ध्या अंशाहून अधिक फरक राहू नये.

भार, घाट आणि कायदा

रिकाम्या गाडीची जुळणी भरलेल्या गाडीला लागू पडत नाही. समजा, गंगूबाई हनगल यांच्या निवासस्थानामुळे संगीतरसिकांना परिचित असलेल्या हुबळीच्या देशपांडे नगरात चौघे सामानासह निघाले. मोले सोडून अनमोड घाट चढताना मागचा भाग आणखी दबतो आणि कॅम्बर तितकाच वाढतो. पावसात, वळणावर, आतल्या कडेची नक्षी संपलेली असेल तर पाणी बाहेर फेकले जात नाही. टायरमधील १.६ मिलिमीटरची झीजखूण आतल्या कडेलाही पाहावी. त्यासाठी हात घालून किंवा गाडी उचलूनच तपासणी करावी लागते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळे ठरतील असे बदल मालकाला करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच अधोरेखित केले. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलास प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून उंची कमी करण्यापूर्वीच वाहतूक खात्याकडे व विमा कंपनीकडे विचारणा करावी. ज्यांची गाडी आधीच खाली बसली आहे, त्यांच्यासाठी सर्वांत निर्धोक आणि बहुधा सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे मूळ स्प्रिंग परत बसवून मूळ मापांवर अलायनमेंट करून घेणे.