रोलमधली अमानत

पुण्याचा जुना बाजार शाहीर अमर शेख चौकाजवळ बुधवारी आणि रविवारी भरतो. काही वर्षांपूर्वी एका रविवारी मी तिथे शाळेसाठी भिंतीवरचं घड्याळ बघायला गेले होते. एका चादरीवर नळाच्या तोट्या आणि जुने टेपरेकॉर्डर मांडले होते, आणि त्यांच्यामध्ये एक यशिका कॅमेरा पडला होता. अब्बांकडे अगदी तसाच होता. रमजान ईदला त्यात रोल भरला की तो बकरी ईदलाच संपायचा. मी घासाघीस करून चारशे रुपयांत तो कॅमेरा घेतला आणि रिक्षात बसल्या बसल्या मागचं झाकण उघडलं.

आत रोल होता. कुणीतरी काढलेले फोटो त्यात होते आणि त्यावर आता भर दुपारचं ऊन पडत होतं.

मी झाकण झटकन लावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाश पडला की त्यांच्यात बदल होतो आणि तोच फोटो. पण प्रकाश आपला-परका ओळखत नाही. रोल धुण्याआधी तो उघडा पडला तर आधी टिपलेलं सगळं पुसलं जातं. मी तो रोल कॅम्पातल्या एका लॅबमध्ये दिला. गुंडाळीत सगळ्यात आत होते ते तीन फोटो अर्धेमुर्धे वाचले होते. एकात अंगणातली सायकल, एकात बांगड्या भरलेला हात आणि एकात टोपी घातलेल्या मुलाचा अर्धा चेहरा.

पुढच्या रविवारी मी पुन्हा त्या विक्रेत्याकडे गेले. त्याने तो कॅमेरा भंगारवाल्याकडून घेतला होता. त्याच्या मागचा माग काही लागेना. कुणाच्या तरी घरातली अमानत माझ्या हाती आली होती आणि मी उतावळेपणाने ती घालवली होती. त्या तीन निगेटिव्हचं पाकीट आजही माझ्या कपाटात आहे.

त्या चुकीतूनच मी हा छंद नीट शिकायला लागले. म्हणून पहिली गोष्ट आधी सांगते. जुना कॅमेरा हाती आला तर झाकण उघडू नका. बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत डाव्या बाजूला वर रोल परत गुंडाळायची मूठ असते. ती बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. अडली तर आत रोल आहे असं समजा. मग भिंग उजेडासमोर धरून बघा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. बॅटरीच्या खणात हिरवी-पांढरी भुकटी साचली आहे का तेही पाहा. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल तर तिथून उजेड आत शिरतो.

पुढे मी पेंटॅक्स के-1000 हा वापरलेला कॅमेरा घेतला. 1976 पासून 1997 पर्यंत हे मॉडेल बनत होतं. त्यात बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजायला, बाकी सगळं काम यंत्रावर चालतं. शाळेत मुलांना तो दाखवताना मी आधी वर्गाच्या खिडकीला काळा कागद लावते आणि कागदाला एक बारीक भोक पाडते. बाहेरचं झाड समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथम यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाशावरचा ग्रंथ लिहिला. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोगही त्यांनी केले होते. कॅमेरा या लॅटिन शब्दाचा अर्थही खोली असाच आहे, हे ऐकून मुलांना फार गंमत वाटते.

सूस 2021 साली पुणे महापालिकेत गेलं. त्याआधीपासूनच पाषाणकडून येणाऱ्या रस्त्याला इमारती चढत होत्या. आमच्या नात्यातल्या बडी अम्मींचं जुनं कौलारू घरही बिल्डरला द्यायचं ठरलं. घर पाडण्याआधी सगळ्या लेकी-सुना एकदा अंगणात जमल्या. मुलींनी मोबाईल बाहेर काढताच बडी अम्मींनी हात वर केला. आधी एका लग्नात घरातल्या बायकांचे फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकले होते आणि ते कुठून कुठे गेले कुणास ठाऊक. त्यावरून घरात बरीच कटुता आली होती.

मी म्हटलं, माझा कॅमेरा रोलचा आहे, यातून काही कुठे जात नाही. बडी अम्मींनी लगेच विचारलं, “और ये रोल धोएगा कौन? दुकानवाला मरदच ना?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं बरोबरच होतं. लॅबमधला माणूस प्रत्येक फोटो बघतोच. मी तिथेच शब्द दिला, रोल मी घरी धुईन. तोवर मी एकही रोल स्वतः धुतलेला नव्हता.

छत्तीसच फोटो निघणार होते, त्यामुळे एकेकीला विचारूनच खटका दाबला. एका फुफीने नको म्हटलं. त्यांच्या मते फोटो काढणं जायज नाही. या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. फुफी बाजूला जाऊन बसल्या, आम्ही सगळ्या थांबलो, आणि मगच पुढचा फोटो घेतला. मोबाईल हातात असता तर एवढं कुणी विचारलं असतं का, असं मनात आलं.

नंतर पंधरा दिवस मी एका वाया गेलेल्या रोलवर सराव केला. बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत दोन्ही हात घालायचे, न बघता फिल्म चक्रीवर चढवायची आणि टाकीत बंद करायची. त्यानंतर डेव्हलपर घालायचा. तो साधारण 20 अंश सेल्सिअस हवा. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणी त्याहून पुष्कळ गरम असतं, म्हणून बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवावी लागते. वेळ फिल्मप्रमाणे बदलते आणि ती फिल्मसोबत दिलेली असते. मग पाणी, मग हायपो, मग पुन्हा भरपूर पाणी. या कामाची भांडी स्वयंपाकघरात कधीही नेऊ नयेत, खिडकी उघडी ठेवावी आणि औषधं मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

खऱ्या रोलच्या वेळी चक्रीवर फिल्म अडकली. सात फोटो एकमेकांना चिकटून खराब झाले. बाकीचे एकोणतीस, अल्हम्दुलिल्लाह, स्वच्छ निघाले.

छपाईसाठी एका बंद पडलेल्या स्टुडिओतून जुना एन्लार्जर मिळाला. न्हाणीघरात लाल दिवा लावून पहिला कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला, तेव्हा बडी अम्मी दाराला पाठ लावून स्टुलावर बसल्या होत्या. आधी कागद कोराच होता. मग कौलांची कड उमटली, मग तुळई, मग त्यांचा स्वतःचा चेहरा. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या कागदाच्या वेळी म्हणाल्या, “फुफी को बुलाओ. वो घर का फोटो तो देखेगी.” फुफी आल्या. माणसं नसलेला अंगणाचा एक फोटो त्या मागून घेऊन गेल्या.

आता तिथे पार्किंग आहे. निगेटिव्ह मी बडी अम्मींच्या हवाली केल्या. निकाहनाम्याच्या पाकिटासोबत त्या त्यांच्या पेटीत असतात. कुणाला प्रत हवी असेल तर आधी त्यांना विचारावं लागतं.

तुमच्याही घरात जुन्या फोटोंची पाकिटं असतील. त्यातल्या काळपट पट्ट्या निरुपयोगी समजून टाकू नका. फोटो फिका पडला तरी निगेटिव्हवरून नवा करता येतो. पट्ट्या कडेने धरा, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, ओल्या भिंतीच्या कपाटात नको. पाकिटावर पट्ट्या घालण्याआधीच नावं आणि साल पेन्सिलीने लिहा. आणि हे काम घरातली वडीलधारी माणसं आहेत तोवर, त्यांना शेजारी बसवून करा. माझ्या कपाटातल्या त्या तीन फोटोंवर कुणाचंच नाव नाही.