उल्हासचे हिवाळी पाणी आणि गळाची मासेमारी

पावसाळ्यातील पूर ओसरल्यानंतर, साधारण कार्तिकापासून माघापर्यंत, शहाडजवळची उल्हास नदी वर्षातील सर्वांत संथ आणि स्थिर अवस्थेत असते. कोकणातील बहुतेक लहान नद्या पौष संपेपर्यंत डोहांपुरत्या उरतात. उल्हास मात्र वाहती राहते, आणि याचे कारण तिच्या उगमापेक्षा सह्याद्रीच्या माथ्यावरील एका धरणात अधिक आहे. मावळातील आंध्रा नदीवर 1922 मध्ये ठोकळवाडी धरण उभे राहिले आणि एरवी इंद्रायणी व भीमेच्या मार्गाने बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजगृहात उतरवले गेले. वीज तयार झाल्यावर हे पाणी पेज नदीवाटे उल्हासला मिळते, पुढे बदलापूरच्या बाजूने बारवी धरणाचे पाणी त्यात येते, आणि शहाड येथून स्टेम प्राधिकरण ते उचलून ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या शहरांकडे पाठवते. ज्या बारमाही प्रवाहावर शहरांचे नळ चालतात, त्याच प्रवाहावर या पट्ट्यातील गोड्या पाण्याचे मासेही जगतात.

माशांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते, त्यामुळे थंडीत त्यांची पचनक्रिया मंदावते, हालचाल कमी होते आणि खाण्याच्या वेळा आखडतात. रात्री पृष्ठभागाजवळचे पाणी आधी गार होते, म्हणून कटला, रोहू आणि मृगळ यांसारखे मासे सकाळी खोल डोहात थांबतात आणि ऊन चढल्यावर उथळ, उबदार काठाकडे सरकतात. उन्हाळ्यात पहाटेची वेळ साधणाऱ्याला हिवाळ्यात दुपार साधावी लागते ती यामुळेच. गार पाण्याचा एक लाभही असतो, तो म्हणजे त्यात प्राणवायू अधिक विरघळतो : 20 अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना जेमतेम साडेसात. गळाला लागलेला मासा झुंजून थकतो, आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडायचे असेल तर तो तगण्याची शक्यता हिवाळ्यात म्हणूनच जास्त असते. शिवाय कटला-रोहूच्या कुळातील माशांचे प्रजनन पावसाळ्यात होते, त्यामुळे अंड्यांनी भरलेल्या माद्या या दिवसांत पकडल्या जात नाहीत.

उल्हासच्या खोऱ्यातील परंपरागत मासेमारीचा खरा भर मात्र पावसाळ्यावर असतो. पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध चढून ओढ्यांत आणि भातखाचरांत शिरतात; या वलगणीच्या माशांसाठी गावेच्या गावे रात्री बाहेर पडतात आणि त्यातच माद्यांची मोठी हानी होते. हिवाळ्यात मासेमारी शांत आणि एकेकट्या माणसाची होते. पाग, म्हणजे काठावरून फेकायचे गोल जाळे, वापरणारे असतातच, पण गळ टाकणाऱ्याला नदी अधिक बारकाईने वाचावी लागते. वाम खडकांच्या सांदीत राहते आणि गांडुळाला लागते. मरळ गवताळ काठाशी दबा धरते आणि लहान माशाच्या आमिषावर झेपावते. रोहू-मृगळ कणकेच्या गोळ्याकडे येतात, पण तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, जाड असेल तर नितळ पाण्यात बिचकतात. ही माहिती उल्हासच्या वरच्या अंगाचे कातकरी व ठाकर आणि खालच्या अंगाचे आगरी व कोळी यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि वाटाड्यासह केलेल्या मासेमारीत पाहुणा मोबदला देतो तो मुख्यतः याच माहितीचा.

हौसेखातर गळ टाकण्याची लेखी परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. दख्खनी महसीर या दणकट माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातील नमुन्यांवरून केले, आणि 1873 मध्ये एच. एस. थॉमस यांच्या ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथाने या छंदाला शिस्त दिली. 1891 मध्ये बांधल्या गेलेल्या पवई तलावाच्या काठी पुढे गळकऱ्यांची संघटना स्थिरावली, जी आज महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन या नावाने ओळखली जाते. राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले सी. व्ही. कुलकर्णी यांनी या महसीरच्या प्रजननाचा मूलभूत अभ्यास केला; त्यांच्या आणि एस. एन. ओगले यांच्या प्रयत्नांतून लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीचे महसीर बीजोत्पादन केंद्र 1970 च्या दशकात आकाराला आले. छंद, शास्त्र आणि संवर्धन यांचा असा मेळ इतरत्र क्वचितच पडला.

वाटाड्यांची व्यवस्था सर्वांत चांगली रुजली ती मात्र कर्नाटकात, कावेरीकाठी. तेथील हिवाळी हंगामात गावातील माणसे पाहुण्यांना वेताच्या गोल होडीतून डोहांपर्यंत नेत, उकडलेल्या नाचणीचा गोळा गळाला लावून देत आणि सापडलेला प्रत्येक महसीर मोजून परत सोडत. गालिबोरे येथील शिबिरात 1998 ते 2012 या काळात ठेवलेल्या अशा नोंदींवरून पुढे शास्त्रज्ञांना एक गंभीर गोष्ट कळली : बाहेरून आणून सोडलेला, लोणावळ्याच्या वंशाचा दख्खनी महसीर वाढत गेला आणि कावेरीचा स्वतःचा पाठीवर उंचवटा असलेला महसीर घटत गेला. हा मूळचा मासा 2018 पासून अतिसंकटग्रस्त प्रजातींत मोडतो. चांगल्या हेतूने सोडलेले बीजही परक्या नदीत घात करू शकते, हे गळकऱ्यांच्या वह्यांमुळे सिद्ध झाले, हे त्या वह्यांचे मोठेच मोल म्हणावे लागेल. हे शिबिर अभयारण्यात असल्याने तेथील मासेमारी 2012 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे थांबली आणि त्याबरोबर नोंदीही थांबल्या.

मासा सोडण्याची रीत शिकवणे हे वाटाड्याचे सर्वांत महत्त्वाचे काम होय. गळाच्या टोकामागे असलेला उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला जातो, म्हणजे गळ तोंड न फाडता निघतो. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर त्याला रोगजंतूंपासून वाचवतो आणि कोरड्या हाताने तो निघून जातो, म्हणून हात आधी पाण्यात भिजवले जातात. मासा शक्यतो पाण्याबाहेर काढला जात नाही. थकलेला असल्यास त्याचे तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हलका आधार देऊन, कल्ल्यांतून पाणी वाहू दिले जाते आणि शेपटीचा जोर परत येईपर्यंत त्याला धरून ठेवले जाते. हे सारे न करता फेकून दिलेला मासा पोहत गेलेला दिसला, तरी काही तासांनी मरू शकतो.

शहाडच्या काठी वाटाड्यांची अशी व्यवस्था उभी राहायची तर पहिला अडसर पाण्याचाच आहे. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या वाढत्या शहरांचे सांडपाणी नदीत येते, त्यातील नत्र आणि स्फुरदावर जलपर्णी पोसली जाते, आणि हिवाळा सरत असताना मोहने बंधाऱ्याच्या फुगवट्यात तिचा हिरवा गालिचा पसरू लागतो. त्याखाली प्रकाश पोहोचत नाही, कुजणारी पाने प्राणवायू खातात, आणि अशा पाण्यात चिलापी किंवा मरळ यांसारखे चिवट मासे टिकतात, तर वाहत्या स्वच्छ पाण्याचे मासे वरच्या अंगाला सरकतात. म्हणूनच आरंभ शहाडला न करता नेरळ-कर्जतच्या बाजूला, ग्रामपंचायत आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांच्या संमतीने करणे शहाणपणाचे ठरेल, आणि जेथे महाडजवळच्या वाळणकोंडीप्रमाणे देवीच्या श्रद्धेने माशांचे डोह राखले गेले आहेत, ती ठिकाणे गळापासून पूर्णपणे दूर ठेवावी लागतील. प्रत्येक वाटाड्याच्या वहीत तारीख, डोहाचे नाव, पाण्याचे तापमान, माशाची जात आणि लांबी एवढ्या पाच नोंदी असल्या, तरी काही हिवाळ्यांत कोणता मासा कोणत्या बंधाऱ्याच्या वर सरकला हे महापालिकांना आणि जलसंपदा विभागाला दाखवता येईल, आणि ही वही भरण्याचे वेतन नदीकाठच्या कातकरी वस्तीत जाईल.