बुध ग्रह : खडकांची साक्ष

वर्गात बुध ग्रहाचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, हे नाव भगवान बुद्धांवरून पडले का?" नाही. 'बुध्' म्हणजे जाणणे हा धातू दोन्ही शब्दांत समान आहे, नाते तेवढेच. मात्र आपल्या परंपरेतील एका थोर कवीचे नाव या ग्रहावर खरोखरच आहे. त्याकडे शेवटी वळू.

बुधाचा व्यास सुमारे ४,८८० किलोमीटर. सूर्यमालेतील हा सर्वांत लहान ग्रह. दिवसा तापमान ४३० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, रात्री उणे १८० पर्यंत उतरते. १९७४-७५ मध्ये अमेरिकेच्या मरीनर-१० यानाने जवळून जाताना त्याच्या पृष्ठभागाच्या निम्म्याहून थोड्या कमी भागाची छायाचित्रे घेतली. त्यानंतर मेसेंजर हे यान मार्च २०११ ते एप्रिल २०१५ या काळात त्याच्याभोवती फिरत राहिले आणि संपूर्ण ग्रहाचा नकाशा हाती आला.

या ग्रहाचा लोहमय गाभा विलक्षण मोठा आहे. केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतच्या अंतराचा चार पंचमांशाहून अधिक भाग गाभ्यानेच व्यापला आहे. अंतरंग निवत गेले तसा ग्रह आकसला. वाळलेल्या बोराच्या सालीला सुरकुत्या पडतात. परंतु बुधाचे कवच कठीण खडकाचे असल्यामुळे ते भंगले आणि त्याचा एक भाग दुसऱ्यावर चढला. त्यातून शेकडो किलोमीटर लांबीचे कडे उभे राहिले. मेसेंजरच्या नकाशांवरून केलेल्या एका अनुमानानुसार ग्रहाची त्रिज्या सुमारे ७ किलोमीटरपर्यंत घटली असावी.

हा घटनाक्रम कळतो कसा? इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी नाही. उत्खननात वरचा थर नंतरचा आणि खालचा आधीचा मानतात. त्याचप्रमाणे एखादा कडा विवराला छेदून गेला असेल, तर विवर आधीचे आणि कडा नंतरचा. कॅलोरिस हे सुमारे १,५५० किलोमीटर व्यासाचे खोरे प्रचंड आघाताने निर्माण झाले. त्यानंतर ते लाव्ह्याने भरले. येथे ग्रंथ नाही, शिलालेख नाही. खडक हाच पुरावा.

या पुराव्याने शास्त्रज्ञांनाही आपली मते बदलायला लावली. सूर्याच्या इतक्या निकट, उष्णतेने उडून जाणारी द्रव्ये फारशी उरली नसतील, असा समज होता. मेसेंजरला तेथे गंधक व पोटॅशियम अपेक्षेहून पुष्कळ अधिक आढळले. ध्रुवांजवळील ज्या विवरांच्या तळाशी कधीच ऊन पोहोचत नाही, तेथे बर्फ असल्याचे रडारने सुचवले होते. मेसेंजरच्या निरीक्षणांनी त्यास भक्कम दुजोरा दिला. जुना समज मोठ्या विद्वानांचा होता म्हणून कोणी तो कवटाळून बसले नाही.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. आजही पत्रिका पाहून 'बुध दुर्बळ आहे' असे सांगितले जाते आणि लहानग्या मुलाच्या बुद्धीचा निकाल लावला जातो. पिढ्यानपिढ्या आपल्या लेकरांच्या बुद्धीविषयी असेच निकाल जन्मावरून दिले गेले. ते खोटे ठरवण्यासाठी बाबासाहेबांनी आपल्या हाती शिक्षण दिले. ज्या ग्रहावर आपण यान पाठवले, त्याचा नकाशा काढला, त्याच्या भीतीने पालकांनी मुलाच्या शिक्षणाची उमेद सोडू नये. केवळ परंपरेने सांगितले म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात. या आणि स्वतः पाहा.

आता त्या कवीविषयी. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ बुधावरील विवरांना जगातील साहित्यिक व कलावंतांची नावे देतो. तेथे कालिदास आहेत, तानसेन आहेत, आणि 'बुद्धचरित' लिहिणारे अश्वघोषही आहेत. आपल्या शाळेतील मुलांनी तो नकाशा उघडावा आणि अश्वघोषांचे विवर स्वतः शोधून काढावे.