पुढे गाव नसलेली वाट

सायकलचा विषय निघाला की आमच्या पिढीत दोन तट पडतात. एक म्हणतो, आता कुठे राहिली ती सायकल! दुसरा पहाटे हेल्मेट चढवून महामार्गाच्या कडेने पन्नास किलोमीटर जाऊन येतो आणि मग दिवसभर तेच सांगत राहतो. मी या दोन्हींत बसत नाही. मला ट्रकच्या हॉर्नची धास्ती वाटते. माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला तर मी टिळकवाडीतले रेल्वे फाटक ओलांडून एकटीने सायकलवर जाऊच देत नाही. मुली सातवी-आठवीपर्यंत सायकल चालवतात, नंतर ती जिन्याखाली जाते आणि रिक्षा सुरू होते, हे आपल्या घरोघरी झाले आहे. आमच्याकडे ते होऊ नये एवढ्यासाठी आम्ही मायलेकी गेली तीन वर्षे मोटारी नसलेल्या वाटा शोधत हिंडतो. त्या बहुतेक पाण्याच्या काठाला सापडल्या.

परदेशात याला 'ग्रॅव्हल सायकलिंग' म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडी, आपला मुरूम. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी २००६ साली शेतांमधल्या खडीच्या रस्त्यांवर एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली आणि तिचे मोठे नाव झाले. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. या सायकलीचे टायर साधारण चाळीस मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांत हवा जरा कमी ठेवतात, म्हणजे खडीवर चाक उडत नाही, घसरतही नाही. किमती मात्र अशा, की एकीच्या पैशांत दावणीला एक चांगली म्हैस बांधता येईल.

आता गंमत पाहा. आपल्या आजोबांची काळी सायकल आठवा. तिच्या टायरवर २८ गुणिले दीड असे छापलेले असे. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर! दूधवाले आणि पोस्टमन वर्षानुवर्षे मुरमावरून जात होते ते याच रुंदीच्या टायरवर. जाहिरातीत नवे म्हणून येते त्यातले निम्मे आपल्या परसात गंजत पडले होते. अ‍ॅटलासचा शेवटचा कारखाना २०२० साली बंद झाला, तरी ती सायकल बाजाराच्या दिवशी अजून दिसते. माझ्याकडे गिअरची साधी सायकल आहे, रुंद टायर बसवून घेतलेली. त्यावर भागते.

आमची पहिली वाट राकसकोपची. गणेशपूर, बेनकनहळ्ळी, बेळगुंदी करत गेले की शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय लागतो. बेळगावच्या नळाला येणारे पाणी इथले. पावसाळ्यात पातळी २४७५ फुटांना टेकली का, ही बातमी आपण घरातल्या माणसाचा ताप बघावा तशी रोज बघतो. पण त्या पाण्याच्या काठाने कधी गेलो का? बेळगुंदीपर्यंत डांबर आणि वाहने आहेतच. पुढे काजूच्या बागा आणि रताळ्याची शेते यांतून पाणंदी फुटतात. तांबडी मुरमाड माती, दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताची पट्टी. एका चाकोरीत मी, दुसरीत लेक. बैलगाडी समोरून आली की आम्ही बांधावर. हॉर्न नाही, त्यामुळे बोलता येते. तिच्या वर्गातल्या भानगडी मला घरी कधी कळल्या नाहीत, त्या या पाणंदीत कळल्या. पुढे तुडये गावाकडे सरकले की आपण चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पाण्याला आणि मातीला याचा पत्ता नसतो. फक्त मोबाइल 'महाराष्ट्रात स्वागत' असा संदेश पाठवून आपले कर्तव्य बजावतो.

दुसरी वाट हिडकलची, आणि खरे सांगायचे ते हिच्याविषयी.

घटप्रभा नदीवरच्या या धरणाला वंटमुरीच्या राजा लखमगौडा सरदेसाई यांचे नाव आहे. साठा सुमारे ५१ टीएमसी, पूर्ण पातळी २१७५ फूट. एवढे पाणी अडले तेव्हा गावे गेली, शेते गेली आणि त्यांच्याबरोबर रस्तेही गेले. सगळे नव्हे. पाण्यापलीकडच्या गावाला जाणारा रस्ता काठापर्यंत तसाच राहतो आणि सरळ पाण्यात उतरतो. पुढे गावच नाही, मग मोटार कशाला येईल? आम्ही ज्याला शांत रस्ता म्हणून शोधत होतो, तो असा शांत झालेला असतो. हे मला नकाशावरून नाही, आमच्या अत्तींकडून कळले.

अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर हुक्केरी तालुक्यातले, घरची भाषा कन्नड. लग्नानंतर माझ्याशी मराठीत बोलायला त्या शिकल्या आणि त्यांच्यामुळे मी कन्नड शिकले. आमचे भांडण दोन्ही भाषांत होते. त्यांचे माहेरचे गाव पाण्याखाली आहे, हे लग्नात कुणीतरी सांगितले होते. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. एका मे महिन्यात पाणी खूप उतरले आणि हुन्नूरचे विठ्ठल मंदिर वर आले. एरवी ते पाण्यात असते. उन्हाळ्यात पातळी फार खाली गेली की दिसते आणि मग दोन्ही भाषांचे लोक दर्शनाला लोटतात. विठ्ठलाला दोन्हीकडचे आपलाच म्हणतात, त्यामुळे तिथे वाद नाही. आम्ही मोटारीच्या टपावर दोन सायकली बांधल्या आणि हत्तरगीजवळ महामार्ग सोडला. अत्ती पुढच्या सीटवर, मांडीवर भडंगाचा डबा.

मोटार एका जागी थांबली, कारण पुढचा रस्ता फक्त रस्त्याची खूण होती. दगडी सोलिंग, त्यावर वाळलेला गाळ आणि दोन्ही बाजूंना भेगाळलेली जमीन. आम्ही मायलेकी सायकलने पुढे निघालो. मागे पाहिले तर अत्ती चपला हातात घेऊन चालत येत होत्या. गुडघेदुखीमुळे ज्या गच्चीवर चढत नाहीत, त्या! थोडे पुढे गेल्यावर थांबल्या, डावीकडे एका उंचवट्याकडे बोट केले आणि नातीला म्हणाल्या, "इल्ले नम्म मनी इत्त, नोडव्वा." तिथे काही नव्हते. चार चौकोनी दगड होते, पाणवठ्याचे असतील. लेकीने विचारले, "अज्जी, शाळेला कशी जायचीस?" अत्तींनी आमच्या सायकलींखालची वाट दाखवली. हीच. परकर-पोलक्यात, मैत्रिणीच्या भावाच्या सायकलवर नळीखालून पाय घालून त्या शिकल्या होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी आमच्या मामंजींनाही सांगितले नव्हते.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात हिडकलचे पाणी किती उतरले हे त्या पेपरात पाहतात.

जाणाऱ्यांसाठी थोडे सांगते. तांबड्या मातीत, म्हणजे बेळगावच्या पश्चिमेला, पाऊस थांबल्यावर दोन-चार दिवसांत सायकल चालते. हुक्केरी-गोकाककडच्या काळ्या मातीचे तसे नाही. ती ओली असली तर मडगार्डमध्ये ठासून बसते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. बाभळीचे काटे दोन्हीकडे. जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान नसेल तर निघू नका. उतरलेल्या जलाशयाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत दलदल असते. जनावरांच्या खुरांच्या वाटेबाहेर मुलांना सोडू नये, पाण्यात तर नाहीच. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही. चंदगडच्या बाजूला गवे असतात, कधी हत्तीही येतात, तेव्हा दिवेलागणीच्या आत परत फिरावे. आणि शांत वाट म्हणजे सुरक्षित वाट, असे बायकांनी तरी समजू नये. आम्ही घरी सांगून जातो आणि वाटेतल्या पहिल्या घराशी ओळख करून घेतो. पाणी मागितले की ओळख होते.

एक मात्र खटकते. अशा काठांवर आता प्लॅस्टिकची ताटे आणि फुटक्या बाटल्या दिसू लागल्या आहेत, आणि एखादी पाणंद काँक्रीटची झाली की दुसऱ्याच आठवड्यात तिथे डंपर येतो. शेतकऱ्याला पक्का रस्ता हवा, त्याचा ऊस निघायला हवा, हे मला मान्य आहे. पण पाण्याकाठची निदान एखादी मुरमाची वाट तशीच ठेवावी, एवढे ग्रामपंचायतीकडे मागायला काय हरकत आहे?

यंदा डिसेंबरात धुपदाळला जायचे ठरते आहे. घटप्रभेवरचा जुना बंधारा तिथे आहे. १९७४ पासून तो परिसर पक्षी अभयारण्य आहे आणि थंडीत दूरदेशीचे कांड्या करकोचे तिथे उतरतात. तिथून निघणाऱ्या कालव्याच्या, अत्तींच्या भाषेत कालुवेच्या, काठाने सायकल कुठवर नेता येते ते विचारून घ्यायचे आहे. लेक आता माझ्यापुढे जाते. अत्तींनी भडंग करून द्यायचे कबूल केले आहे. मात्र मोटारीत पुढची सीट त्यांचीच.